मडके, भाला आणि तीन पिंपे

‘पंचनामा’ हा शब्द ठाऊक नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. वीज पडून बैल दगावला की पंचनामा, गारपिटीने द्राक्षबाग झोडपली की पंचनामा, आणि घरफोडी झाली म्हणजे तर सारी आळी पंचनाम्याला हजर! बोलताना एखाद्याची फटफजिती करायची झाली तरी आपण त्याचा पंचनामाच करतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, त्या कागदात नेमके काय लिहितात आणि लिहिलेल्यापैकी किती न्यायाधीशाला वाचता येते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. पुष्कळदा तो आरोपीच्या घरच्यांना प्रथम पडतो तो शिक्षा झाल्यावर, अपिलाची तयारी करताना. आणि मग त्यांना कळते की, माणसाची दहा वर्षे एका वाक्यावर, क्वचित अर्ध्याच वाक्यावर, टांगलेली आहेत.

त्या वाक्याचा हा इतिहास आहे. तो सांगायला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा फार सोयीचा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, भोसरीच्या माळावर यंत्रे धडधडू लागली, आणि पुढे चाकणच्या कांद्याच्या बाजारपेठेभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले. तीन पाळ्यांत माणसे जातात-येतात. मध्यरात्री रस्ते जागे असतात. जिथे पगार, तांब्याची तार आणि नवे मोबाइल फोन रात्री-अपरात्री रस्त्यावरून हिंडतात, तिथे त्यांच्यावर नजर ठेवणारेही हिंडतात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय झाले आणि तोवर ग्रामीण पोलिसांकडे असलेले चाकणही त्यात आले, ही गोष्टच त्या मुलखाच्या वाढीबद्दल पुरेसे सांगते.

असा एक नमुन्याचा खटला डोळ्यांसमोर आणावा. दुसरी पाळी संपवून निघालेल्या कामगाराला तिघांनी अडवले, सुरा दाखवून फोन व पाकीट काढून घेतले. चार दिवसांनी पोलिसांनी एका पोराला धरले. कोठडीत तो म्हणाला, निदान कागदावर तरी म्हणाला, की ‘त्या रात्री मी सुऱ्याचा धाक दाखवून हिसकावलेला मोबाइल मी घरामागे विटांच्या ढिगात लपवला आहे, तो काढून देतो.’ दोन पंच बोलावले, वाक्य लिहून घेतले, मग सारी मंडळी जीपमधून विटांच्या ढिगाकडे गेली आणि फोन निघाला. पहिल्या कागदाला निवेदन पंचनामा म्हणतात, दुसऱ्याला जप्ती पंचनामा. बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात फिर्यादीने चेहरे नीट पाहिलेले नसतात. तेव्हा खटल्याचा सारा डोलारा या दोन कागदांवर उभा राहतो.

आपण बोलताना सरसकट ‘दरोडा’ म्हणतो, पण कायद्याचा हिशेब निराळा आहे. चोरी करताना मारहाण केली वा तत्काळ इजेचे भय घातले तर ती जबरी चोरी. तेच काम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले तर दरोडा. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण ती सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी हमरस्त्यावर झाली असेल तर चौदा वर्षांपर्यंत. हे सूर्यास्ताचे कलम १८६० च्या दंडसंहितेतले. बैलगाड्यांचे तांडे आणि टपालाचे हरकारे डोळ्यांपुढे ठेवून ते रचले असावे असे वाटते. आज ते रात्रपाळीच्या कामगाराला लागू पडते. नव्या भारतीय न्याय संहितेनेही ते तसेच ठेवले आहे.

अमेरिकन चित्रपट पाहणाऱ्या वाचकाला इथे एक शंका येईल. तिकडे आरोपीचा वकील खटल्याआधीच उठतो आणि म्हणतो, ‘पोलिसांनी हा पुरावा बेकायदा मिळवला, तो खटल्यातून काढून टाका.’ त्या अर्जावर स्वतंत्र सुनावणी होते. अर्ज मान्य झाला तर पुष्कळदा खटलाच कोसळतो, आणि फेटाळला तर शिक्षेनंतर अपिलात पहिला मुद्दा तोच असतो. ही रीत तिथल्या मध्यवर्ती न्यायालयांत १९१४ पासून आहे. राज्यांना ती १९६१ साली लागू झाली, आणि तिला निमित्त झाले क्लीव्हलंडच्या डॉलरी मॅप या बाईंच्या खटल्याचे. पोलिस त्यांच्या घरात शिरले, वॉरंट म्हणून एक कागद फडकावला, आणि शोधत होते ते न सापडता भलतीच पुस्तके सापडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा झडतीत मिळालेली वस्तू राज्याच्या न्यायालयांतही पुढे करता यायची नाही.

आपल्याकडे असे नाही. झडती बेकायदा असली, वॉरंट नसले, तरी सापडलेली वस्तू ही सापडलेलीच वस्तू, असे आपली न्यायालये इंग्रजी परंपरेला धरून मानत आली. मुंबईतल्या एका घराची झडती १९५८ साली झाली होती, परदेशी शिक्क्यांचे सोने सापडले होते. महाराष्ट्र सरकारचे ते अपील सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा १९७९ साल उजाडले. न्यायालय म्हणाले, झडती बेकायदा होती असे घटकाभर धरले तरी जप्ती त्यामुळे रद्द होत नाही; फार तर न्यायाधीशाने तो पुरावा अधिक सावधपणे पारखावा. म्हणजे चाकणच्या त्या पोराच्या वकिलाने ‘माझ्या घरामागे शिरायचा यांना अधिकार नव्हता’ एवढ्याच मुद्द्यावर अपील लढवले, तर त्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही.

मग त्याच्या हाती उरते काय? उरते ते वाक्य. आपल्या कायद्याचा वस्तूवर विश्वास आहे. पोलिसापुढे बोललेल्या शब्दावर मात्र नाही. ही तऱ्हा प्रथमदर्शनी उफराटी वाटते. अमेरिकन न्यायालय पोलिसांच्या पावलांवर पहारा ठेवते, तर आपला कायदा त्यांच्या कानांवर! हा अविश्वास आला कोठून, ते पाहण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

पेशवाईत चोरीचा तपास वस्तूच्या आणि वाटेच्या मागाने चाले. चोरी झाली की गावचा रामोशी किंवा महार माग काढीत निघे. पाऊल शेजारच्या गावाच्या शिवेत गेले की जबाबदारी त्या गावावर. त्या गावाने माग पुढे नेऊन दाखवावा, नाहीतर भरपाई करावी. चाकण, खेड, मावळ या सगळ्या भागाला ही पद्धत परिचयाची. वाद मिटेना तर दिव्य असे. तापल्या तेलातून धातूचा रवा काढायचा आणि हात भाजला की नाही ते पाहायचे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गरिबाचा हात तेलात लवकर जात असणार. पण तीत चोराने आपल्या तोंडाने ‘मी केले’ म्हणण्याला पुढे आले एवढे महत्त्व नव्हते.

कंपनी सरकारचे राज्य आले आणि कागद मोठा झाला. कागदावर कबुली लिहून घेतली की काम फत्ते, आणि कबुली मिळवायचे उपाय शिपायाला कोणी शिकवावे लागत नव्हते. मद्रास इलाख्यात हा प्रकार इतका बोकाळला की, १८५५ साली छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल विलायतेपर्यंत गाजला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात त्यावर उतारा आला, आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ चा पुरावा कायदा रचताना तो त्यात कायमचा घातला. कलम २५: पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. कलम २६: पोलिसांच्या कोठडीत असताना दुसऱ्या कोणापुढे दिली तरी नाही, मॅजिस्ट्रेटसमोर दिली तर मात्र चालेल. आणि कलम २७, ज्याने गेली दीडशे वर्षे वकिलांची पोटे भरली: आरोपीने सांगितल्यामुळे एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असेल तेवढाच त्याच्या सांगण्याचा भाग, मग तो कबुलीवजा असो वा नसो, सिद्ध करता येईल.

दोन कलमांनी दार लावले, तिसऱ्याने फट ठेवली. त्या फटीतून किती आत शिरू द्यायचे, हाच पुढच्या सगळ्या अपिलांचा विषय.

मुंबई उच्च न्यायालयाने सुरुवात कडक केली. १८७४ साली जोरा हसजीच्या खटल्यात न्यायमूर्ती वेस्ट यांनी सांगितले की, मालाच्या सापडण्याशी संबंध आहे म्हणून वाटेल ते विधान आत येत नाही. ज्या शब्दांमुळे माल प्रत्यक्ष सापडला, तेवढेच शब्द. मग १८८९ साली नाना नावाच्या आरोपीचे प्रकरण पूर्णपीठापुढे आले. आरोप चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारल्याचा. पोलिसांनी माल कोठे आहे म्हणून विचारले, तेव्हा तो म्हणाला की मी ठेवला आहे, दाखवतो. शेतात पुरला आहे. मग त्याने सर्वांना शेतात नेले आणि आपल्या हातांनी माती उकरून मडके बाहेर काढले. आता ‘माल शेतात आहे’ एवढेच वाचायचे, की ‘तो मी पुरला’ हेही? पहिल्याने फक्त ठाऊक असणे दिसते, दुसऱ्याने हात लागलेला दिसतो. आणि माल स्वीकारल्याच्या आरोपात हा फरक म्हणजेच सगळा खटला. पूर्णपीठाने ‘मी पुरला’ हे शब्दही आत घेतले.

निकाल चुकीचा होता असे माझे मत नाही. पुरणाऱ्यालाच जागा इतकी नेमकी ठाऊक असते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी सांगायला नको. पण एकदा दार किलकिले झाले की मागून येणारा ते थोडे अधिक ढकलतो. ‘पुरला’ चालते, तर ‘चोरून आणून पुरला’ का नको? आणि ‘अमक्याला मारून, त्याच्याकडून काढून घेऊन पुरला’? १९३७ साली मद्रासच्या पूर्णपीठाने हे जवळजवळ सगळेच मान्य केले; आणि मग अशी स्थिती आली की, एखादा विळा वा लोटा सापडला की त्याच्या शेपटाला बांधून पूर्ण कबुली न्यायालयात दाखल होई.

या मुलखातले दोन मोठे खटले इथे कोणाच्याही मनात येतील, म्हणून दोन शब्द. वासुदेव बळवंत फडके यांनी २३ फेब्रुवारी १८७९ रोजी पहिला छापा घातला तो धामारीवर. चाकणहून शिक्रापूरच्या दिशेने निघाले तर ते गाव काही फार लांब नाही. त्यांच्या खटल्यात कलम २७ ची गरज सरकारला भासली नाही, कारण त्यांचे आत्मचरित्र आणि रोजनिशी, दोन्ही त्यांच्याच हस्ताक्षरातली, सरकारच्या हाती लागली होती. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बचावाला उभे राहिले; पण स्वतःच्या अक्षराविरुद्ध वकील काय करणार? जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनला त्यांचा अंत झाला. दुसरा खटला चिंचवडच्या दामोदर चापेकरांचा. तो दरोड्याचा नव्हे, रँडच्या वधाचा. त्यांचा ८ ऑक्टोबर १८९७ चा कबुलीजबाब प्रसिद्धच आहे. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला त्यांना फाशी झाली. हे दोघेही आपण काय केले ते सांगायला कचरणारे नव्हते. कलम २५ आणि २६ ज्यांच्यासाठी लिहिली, ती माणसे निराळी: ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, आणि ज्यांच्या तोंडी घातलेले वाक्य त्यांनी उच्चारले की नाही हे सांगायला कोठडीच्या भिंतींखेरीज कोणी नसते.

मद्रासची ही ढील आवरली ती लंडनमध्ये, आणि तीही मुंबईहून गेलेल्या माणसाने. सर जॉन ब्यूमाँट हे १९३० ते १९४३ मुंबईचे सरन्यायाधीश होते. इथल्या फौजदारी अपिलांचे गठ्ठे त्यांनी तेरा वर्षे वाचले होते. पुढे ते प्रिव्ही कौन्सिलमध्ये बसू लागले, आणि १९४६ च्या डिसेंबरात गुंटूर जिल्ह्यातल्या एका मारामारीच्या खटल्याचा निकाल त्यांनी दिला. आरोपीचे विधान थोडक्यात असे: मी अमक्याला भाल्याने भोसकले, भाला गावातल्या परसात लपवला, जागा दाखवतो. सरकारपक्षाचे म्हणणे, भाला सापडला ना? मग सगळे विधान खरे, सगळे वाचा.

ब्यूमाँट यांनी जे उत्तर दिले ते इतके साधे आहे की आधी कोणाला कसे सुचले नाही याचे नवल वाटावे. त्यांनी सुरीचा दाखला घेतला. ‘घराच्या आढ्यात लपवलेली सुरी काढून देतो’ असे कोणी म्हटल्याने सुरीचा शोध लागत नाही. सुरीचा शोध माणसाला युगांपूर्वीच लागला आहे! शोध लागतो तो एवढ्याच गोष्टीचा की, त्या घरात सुरी लपवलेली आहे आणि ती या माणसाला ठाऊक आहे. त्या सुरीने पूर्वी काय केले, हा तिचा इतिहास. आढ्यात हात घालून तो सापडत नाही. म्हणून ‘जिने मी अमक्याला मारले’ हे शब्द खोडायचे. नाहीतर, त्यांनी बजावले, कलम २५ आणि २६ ची बंदी नुसती नावाला उरेल. कबुलीला एखादी वस्तू जोडण्याइतकी कल्पकता पोलिसांत नक्कीच आहे. हे शेवटचे वाक्य मुंबईच्या तेरा वर्षांतूनच आले असणार, असे मला नेहमी वाटते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने आणखी एक कवच दिले: कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. मग कलम २७ टिकते की नाही? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपुढे गेला. त्यांत गजेंद्रगडकर आणि मुधोळकर हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला तोवर मुंबई राज्य उरलेच नव्हते; महाराष्ट्र आणि गुजरात होऊन वर्ष उलटले होते. निकाल असा की, हाताचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. आणि कलम २७ चे विधानही घटनेच्या आड येत नाही, मात्र ते सक्तीने वदवलेले नसावे. नुसते कोठडीत असणे म्हणजे सक्ती नव्हे, हेही त्यांनी सांगितले. कोठडी आतून पाहिलेल्या माणसाला हे शेवटचे पटवणे कठीण आहे.

आता तीन पिंपांकडे येतो. कारण ज्याला अपील म्हणजे काय ते समजून घ्यायचे आहे त्याने हा खटला जरूर लक्षात ठेवावा. मुंबई बंदरातल्या हाजी बंदरावरून फॉस्फरस पेंटॉक्साइड या रसायनाची तीन पिंपे चोरीस गेली. आरोपी पकडला गेला, आणि पोलिसांपुढे, पंचांसमक्ष, त्याने विधान केले: ‘मी हाजी बंदरावरून पहिल्या ऑगस्टला काढलेली तीन रसायनाची पिंपे कोठे ठेवली आहेत ती जागा सांगतो.’ मग तो सर्वांना एका मुसाफिरखान्याच्या आवारात घेऊन गेला. पिंपे तिथे होती. मॅजिस्ट्रेटने चोरीबद्दल शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. दोन्ही न्यायालयांच्या डोळ्यांसमोर ते अख्खे वाक्य होते.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सरकारिया यांनी वाक्याची चिरफाड केली. ‘तीन पिंपे कोठे ठेवली ती जागा सांगतो’ हे आत. ‘मी हाजी बंदरावरून पहिल्या ऑगस्टला काढलेली’ हे बाहेर, कारण तो पूर्वीचा इतिहास. आता उरलेल्या शब्दांवर पुन्हा खटला उभा करून पाहा. आरोपीला पिंपांची जागा ठाऊक होती, एवढेच सिद्ध. आवार कोणाचे? मुसाफिरखान्याचे. कुलूप होते? नव्हते, येणारे-जाणारे सगळे तिथे वावरत. मग पिंपे त्याच्या ताब्यात होती असे कशावरून? ताबा नाही तर चोरीचे अनुमान नाही. दुसऱ्याने ठेवताना त्याने पाहिले असेल, कोणी सांगितले असेल. ९ सप्टेंबर १९७५ रोजी तो सुटला. देशात तेव्हा आणीबाणी चालू होती आणि पुष्कळ नामवंत माणसे चौकशीशिवाय तुरुंगात होती. त्याच दिवसांत देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एका अप्रसिद्ध आरोपीसाठी एक वाक्य दोन भागांत कापण्याचा वेळ काढला.

आमच्या नमुन्याच्या खटल्याला ही कात्री लावली तर काय होते पाहा. ‘त्या रात्री सुऱ्याचा धाक दाखवून हिसकावलेला’ हे गेले. ‘मोबाइल मी घरामागे विटांच्या ढिगात लपवला आहे, काढून देतो’ एवढे राहिले. नानाच्या मडक्यामुळे ‘मी लपवला’ हे शब्द राहतात, हे विसरू नये. मग प्रश्न निघतात. विटांचा ढीग कोणाचा? बांधकामावरचा सार्वजनिक की अंगणातला? फोन फिर्यादीचाच हे कशावरून ठरले? आणि वस्तू त्याच्याकडे होती एवढ्यावरून तिची जबरी चोरी त्याने केली असे म्हणता येईल, की चोरीचा माल ठेवला एवढेच? पुष्कळ अपिलांत आरोपी निर्दोष सुटत नाही, पण दहा वर्षांची तीन होतात, ती या शेवटच्या प्रश्नामुळे.

पंचांची गोष्ट तर निराळीच. कायदा म्हणतो, झडतीला त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी घ्यावेत. पण पाळीचा खाडा करून, पुढे तीन-चार वर्षांनी कोर्टाच्या खेपा घालायला कोणता प्रतिष्ठित रहिवासी राजी होतो? म्हणून पोलिस ठाण्याजवळचा टपरीवाला पंच होतो. तोच दहा खटल्यांत होतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की कोणता ढीग कोणत्या खटल्यातला हे त्याला आठवत नाही. ‘सही माझी आहे, मजकूर मला ठाऊक नाही’ हे मराठी न्यायालयांत इतक्या वेळा उच्चारले गेले असेल की त्याची म्हणच व्हायची. आपण पंच व्हायला नकार देतो आणि मग पंच हुकमी असतात म्हणून नाक मुरडतो, हेही इथे नोंदवायला हवे.

अमेरिकेसारखा आधीचा अर्ज आपल्याकडे नसल्याने, वाक्याच्या नको त्या भागावर हरकत घ्यायची ती खटला चालू असतानाच, निवेदन पंचनाम्याला निशाणी पडते त्या क्षणी. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा हरकतीवर तिथेच वाद घालीत बसू नये. हरकत नोंदवावी, कागदाला तात्पुरती निशाणी द्यावी, आणि निकालाच्या वेळी ठरवावे. हेतू चांगला, की खटले रखडू नयेत; पण निकाल लिहीपर्यंत न्यायाधीशाने ते खोडायचे शब्द वाचलेले असतात, आणि मनातून शब्द खोडायचे कलम अजून कोणी रचलेले नाही. २०२१ साली त्याच न्यायालयाने, साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांवरच्या हरकतींचा तरी शक्यतो जागच्या जागी निर्णय द्यावा, असा कल दाखवला. वकिलाने हरकत घेतलीच नाही तर? तरी कायद्याने जे वाचताच येत नाही ते अपिलातही वाचता येत नाही. पण हरकत कागदावर असलेली बरी, असे कोणताही जुना वकील सांगेल. सात वर्षांहून अधिक शिक्षा असेल तर अपील थेट मुंबईला उच्च न्यायालयात. आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क तिथेही आहे, हे अनेक घरांना ठाऊक नसते.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. २५, २६ आणि २७ ही तिन्ही कलमे आता २३ या एकाच कलमात नांदतात. २७ त्याचे परंतुक झाले आहे. शब्द फारसे बदललेले नाहीत, म्हणजे मडके, भाला आणि पिंपे आहेत तिथेच आहेत. खरा बदल दुसऱ्या कायद्यात झाला: झडती आणि जप्तीचे चित्रीकरण ध्वनीसह करणे आता बंधनकारक आहे, मोबाइलवर केले तरी चालते. आता भोसरीच्या गल्लीत विटांचा ढीग उकरताना शिपायाच्या हातात फोन असतो. विटा हलताना दिसतात. पोरगा ‘इथे आहे’ म्हणताना ऐकू येतो. जीप ठाण्यातून निघण्यापूर्वी आत काय झाले, ते मात्र त्या चित्रीकरणात येतेच असे नाही.

या साऱ्याची किंमत केवढी असते ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यावरून सांगतो. सणाच्या दिवसांत तो आठवू नये असे वाटते, पण तो वगळून हा विषय सांगता येत नाही. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचा बळी गेला आणि घरातली आई व एक मुलगा तेवढे वाचले. सहा जण पकडले गेले, सारे भटक्या जमातीतले मजूर. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि ज्यांच्या कपाळावरचा तो शिक्का १९५२ साली देशभरातून कायद्याने पुसला, त्यांच्याकडे संशयाची नजर अजून किती सहज वळते, हे त्या मुलखात राहणाऱ्यांना माहीत आहे. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून सर्वांना फाशीच दिली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी सज्ञानही नव्हता, असे पुढे निष्पन्न झाले.

२०१८ साली त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि अपिले पुन्हा ऐकायला घेतली. तेव्हा कागदपत्रांतून एक नोंद वर आली. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, त्या वाचलेल्या आईला पोलिसांकडचा छायाचित्रांचा अल्बम दाखवण्यात आला होता आणि तिने त्यांतल्या चौघांवर बोट ठेवले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. सरकारपक्षाने ही गोष्ट खटल्यात पुढे आणलीच नव्हती. इतका वेळ आपण आरोपीचे कोणते शब्द न्यायाधीशापासून दूर ठेवायचे ते पाहिले. इथे न्यायाधीशाने वाचायलाच हवे होते ते दूर राहिले.

५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घ्यावा, असा हुकूम झाला. ज्या चौघांवर त्या बाईंनी बोट ठेवले होते, त्यांच्या मागावर पोलिस गेलेच नव्हते, हे न्यायालयाने त्या निकालात नोंदवले. तोवर सोळा पावसाळे होऊन गेले होते.